मॅनिफोल्ड आणि तांब्याचं पॅकिंग

सकाळी थंड अ‍ॅम्बेसेडर सुरू केली की कधी कधी बॉनेटखालून एक कोरडी टकटक ऐकू येते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती वाढते. गाडी पाच-दहा मिनिटं चालली, इंजिन तापलं, की आपोआप विरते. मालक मेकॅनिकला सांगतो, "टॅपेट वाजतायत." टॅपेट सेट होतात, पैसे दिले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टकटक पुन्हा हजर. तापल्यावर नाहीसा होणारा हा आवाज बहुतेक वेळा टॅपेटचा नसतोच. सिलिंडर हेड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यामधलं पॅकिंग एखाद्या जागी सुटलेलं असतं आणि तिथून जळका वायू धक्क्याधक्क्याने बाहेर फुटत असतो. मॅनिफोल्ड तापून फुगला की फट दाबली जाते, थंड झाला की पुन्हा उघडते.

जुन्या गाड्यांची कामं स्वतः करणाऱ्या माणसाने सुरुवातीलाच शिकावं असं हे काम आहे. पॅकिंगची किंमत किरकोळ, हत्यारं साधी. तरीही ते बिघडतं फार वेळा, कारण लोक पॅकिंग बदलतात आणि तेवढ्यावर थांबतात. तांबं क्वचितच दोषी असतं. दोष असतो तो ज्या दोन पृष्ठभागांमध्ये ते बसतं त्यांचा, ज्या स्टडनी ते आवळलं जातं त्यांचा आणि आवळणाऱ्या हाताचा.

उदाहरणासाठी अ‍ॅम्बेसेडर घेण्याचं कारण असं की तिच्या पेट्रोल इंजिनात ही सगळी रचना हाताला लागेल अशी उघडी आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा कारखान्यात २०१४ पर्यंत बनत राहिलेली ही गाडी मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ वरून घेतलेली. तिच्यात अनेक वर्षं बसलेलं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं. १९५५ मध्ये बाजारात आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीतही याच मापाचं इंजिन होतं. पुढच्या काळात आलेल्या इसुझू इंजिनाच्या अ‍ॅम्बेसेडरची रचना वेगळी आहे, तेव्हा आपल्या बॉनेटखाली कोणतं इंजिन आहे ते आधी पाहून घ्यावं.

बी-सिरीज इंजिनाच्या डाव्या अंगाला हेडमध्ये ओळीने पाच तोंडं आहेत : एक्झॉस्ट, इनलेट, एक्झॉस्ट, इनलेट, एक्झॉस्ट. कडेची दोन एक्झॉस्ट तोंडं पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरची. मधलं तोंड दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचं सामाईक. पेट्रोलची वाफ आत नेणारा इनलेट मॅनिफोल्ड आणि धूर बाहेर नेणारा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, दोन्ही याच बाजूला, एकाच लांब पॅकिंगवर बसतात आणि सहा स्टड दोघांनाही धरून ठेवतात.

ही रचना माहीत असली की नुसत्या कानानेही बरंच कळतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा धूर सोडतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर सावकाश चालत असेल, तर कडेच्या एका तोंडातून गळणारा वायू सेकंदाला साधारण ७ वेळा टकटकेल. मधल्या सामाईक तोंडातून गळत असेल, तर साधारण १३ वेळा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे धक्के सारख्या अंतराने येतात, म्हणून ही जलद टकटकही एकसुरी लागते. आकडे मोजत बसायची गरज नाही. सावकाश आवाज आला तर टोकं बघायची, घाईचा आला तर मध्य. मग हातभर लांबीची रबरी नळी घेऊन एक टोक कानाशी धरावं आणि दुसरं पॅकिंगच्या कडेने फिरवावं. पंख्याच्या पात्यांपासून आणि बेल्टपासून नळी, बाही आणि केस लांब ठेवावेत. गळती असेल तिथे आवाज एकदम कानात शिरतो. इंजिन बंद केल्यावर त्याच जागी हेडवर काजळीचा काळा पसारा दिसतो, एका बिंदूतून उगवून पसरत गेलेला. तो दिसला की शंका उरत नाही.

"आवाजच आहे ना, चालू दे," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी कळकळीने सांगतो, चालू देऊ नका. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. पीयूसी तपासणीत अशा जुन्या पेट्रोल गाड्यांना मिळणारी मर्यादाच ३ टक्के आहे, यावरून कल्पना यावी. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मागच्या नळकांड्यातून निघालेला धूर गाडी चालताना मागे राहतो. मॅनिफोल्डपाशी गळणारा धूर मात्र बॉनेटखाली साठतो आणि पेडलच्या, केबलच्या, वायरिंगच्या भोकांतून, जिथली रबरं केव्हाच कडक होऊन फाटलेली असतात, तिथून केबिनमध्ये शिरतो. लांबच्या प्रवासात डोकं जड होऊन मळमळायला लागलं, तर घाटाला दोष देण्याआधी बॉनेट उघडून पाहावं.

गळतीची दुसरी बाजूही आहे. धुराचा प्रत्येक धक्का पुढे निघून गेला की त्याच्या मागे क्षणभर दाब कमी होतो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये न जळलेलं पेट्रोल आणि ही ताजी हवा एकत्र येतात, आणि फटाके फुटतात. मग कार्ब्युरेटर खोलला जातो, बिचाऱ्याचा काही संबंध नसताना.

आता पॅकिंगकडे. ते दोन पत्र्यांमधली फट भरतं, एवढंच आपण धरून चालतो. पण मॅनिफोल्डचं पॅकिंग त्याहून अवघड काम करतं. एक साधा हिशोब करू. मॅनिफोल्डची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी ३५ सेंटिमीटर धरा. बीड दर अंशाला आपल्या लांबीच्या साधारण एक लाखांश ते त्याहून किंचित जास्त वाढतं. जोरात चाललेल्या गाडीचा मॅनिफोल्ड ४५० अंशांनी तापला, तर तो सुमारे पावणेदोन मिलिमीटर लांब होतो. हेडही बिडाचंच, पण त्याच्या पोटातून पाणी खेळत असल्यामुळे ते ९० अंशांच्या आसपास राहतं आणि जेमतेम पाव मिलिमीटर वाढतं. म्हणजे दोघांत दीड मिलिमीटरचा फरक पडतो आणि तो दर खेपेला पडतो. गाडी तापली की मॅनिफोल्ड हेडवरून दोन्ही टोकांकडे सरकतो, थंड झाली की परत येतो. पॅकिंगने या सरकण्याला वाट द्यायची आणि त्याच वेळी धूर अडवायचा. मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा ऐसपैस ठेवलेली असतात ती याचसाठी. आणि ताकद लावून नट आवळणाऱ्याच्या गाडीचा मॅनिफोल्ड तडकतो किंवा स्टड तुटतो, तोही याचमुळे : सरकायला जागा न मिळालेलं बीड दुसरीकडे वाट काढतं.

असल्या कामाला मऊ धातू हवा, जो दाबल्यावर दोन्ही पृष्ठभागांच्या बारीक खाचांमध्ये शिरेल, उष्णता सोसेल आणि गंजून भुगा होणार नाही. तांबं १०८५ अंशांना वितळतं, उष्णता भराभर पसरवतं, आणि मऊ असेपर्यंत हवं तसं वळतं. मऊ असेपर्यंत, हे महत्त्वाचं. तांब्याला ठोकलं, दाबलं, वाकवलं की ते कडक होत जातं. पूर्ण कडक झालेलं तांबं मऊ तांब्याच्या निदान दुप्पट कठीण असतं. असं पॅकिंग खाचेत शिरत नाही, उंचवट्यांवर टेकून राहतं आणि मधून धूर निघतो. एकदा आवळून काढलेलं पॅकिंग तसंच परत बसवलं की गळतं ते यामुळे. शिवाय आधीच्या खाचांचा ठसा त्याच्यावर उमटलेला असतो आणि तो पुन्हा केसाएवढाही इकडेतिकडे न होता जुळणं अशक्य.

गेलेला मऊपणा तांब्याला परत देता येतो. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. हंडा घडवताना पत्रा ठोकून कडक झाला की तांबट तो भट्टीत लाल करतो, विझवतो आणि पुन्हा ठोकायला घेतो. तापल्यावर धातूच्या आतले चेपलेले, ताणलेले कण मोडून नवे सैल कण तयार होतात. पॅकिंग अखंड तांब्याच्या पत्र्याचं असेल, तर हेच घरी करता येतं. सावलीत उभं राहून गॅसच्या ज्योतीने पत्रा सावकाश, सगळीकडून सारखा तापवावा. मंद, काळपट लाल रंग दिसला की पुरे. भर उन्हात तो रंग दिसत नाही आणि पत्रा नको इतका तापवला जातो, म्हणून सावली. मग चिमट्याने धरून पाण्यात सोडावा. पोलादाला असं पाणी दिलं तर ते कडक होतं. तांब्याला पाण्याने काहीच होत नाही, मऊ करण्याचं काम उष्णतेने आधीच केलेलं असतं. पाण्याचा फायदा एवढाच की वर जमलेला काळा ऑक्साइडचा पापुद्रा तडकून गळून पडतो. उरलेला चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासला की निघतो. मऊ झालेला पत्रा हातात धरला तर स्वतःच्या वजनाने थोडा लवतो. ही लव आली नाही, तर पुन्हा तापवावा.

एक खबरदारी फारशी कुणी सांगत नाही. साध्या तांब्यात थोडा ऑक्सिजन मिसळलेला असतो. ज्योतीत गॅस जास्त आणि हवा कमी असेल, म्हणजे ज्योत पिवळी, आळसट असेल, तर तिच्यातला हायड्रोजन तांब्यात शिरतो, आतल्या ऑक्सिजनशी मिळून वाफ होते आणि ती वाफ धातूला आतून फोडते. पत्रा वरून चांगला दिसतो आणि वाकवला की मोडतो. म्हणून ज्योत निळी, हवेशीर ठेवावी.

मात्र त्या काळच्या गाड्यांना सर्रास मिळणारं पॅकिंग अखंड तांब्याचं नव्हतं. तांब्याच्या पातळ पत्र्यांमध्ये अ‍ॅसबेस्टॉसचा थर दाबून ते बनवलेलं असे. हे पॅकिंग तापवून पुन्हा वापरायचं नाही. चेपलेला आतला थर परत फुगत नाही. जास्त महत्त्वाचं म्हणजे ते खरवडायचं नाही, ग्राइंडरला वायर ब्रश लावून उडवायचं तर मुळीच नाही. अ‍ॅसबेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत, आणि त्यांच्यामुळे होणारा कॅन्सर दिसायला कित्येक दशकं लागतात. ब्रिटनने १९९९ मध्ये अ‍ॅसबेस्टॉसचा उरलासुरला वापरही बंद केला. आपल्याकडे जुन्या गाडीवरचं पॅकिंग केव्हाचं आहे हे सांगता येत नसेल, तर ते अ‍ॅसबेस्टॉसचंच आहे असं समजून वागावं. चांगला मास्क लावावा, पॅकिंग पाण्याने चिंब करावं, ओलं असतानाच प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवावं आणि पिशवीत घालून तोंड बंद करावं. फुंकर नाही, कॉम्प्रेसरची हवा नाही. गॅरेजात काम करणाऱ्या पोराला हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगितलं.

आता सोडवायचं काम. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची तार काढावी, कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी सोडवून तोंड बंद करावं, कारण पुढे ज्योत लागू शकते. खालचा सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डपासून सुटा करावा. त्या सांध्यातलं पॅकिंगही याच वेळी बदलून टाकावं. मग सहा नट. आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी गंज सोडवणारं तेल त्यांच्यावर सोडून ठेवावं. स्टड ५/१६ इंची आहेत आणि नटाला अर्ध्या इंचाचा पाना लागतो. हाताशी असलेला १३ नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण तो ०.३ मिलिमीटरने मोठा आहे. गंजलेल्या नटावर जोर दिला की तो कोपरे गोल करून टाकतो आणि अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं. अर्ध्या इंचाचा सहा कोनी सॉकेटच आणावा.

नट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, मग सोडण्याच्या. गंजाची पकड मोडली की एक कच्चा 'टक' येतो. पाव फेरा सोडायचा, थोडा परत घ्यायचा, तेल टाकायचं, पुन्हा सोडायचा. हाताला स्प्रिंगसारखी लवचीक ओढ लागली, नट फिरतोय असं वाटतं पण खरं तर स्टडच पिळला जातोय, तर तिथेच थांबावं. हा फरक ओळखता येणं म्हणजे या कामातलं निम्मं कसब. अशा वेळी फक्त नट ज्योतीने तापवावा आणि तापलेल्या आट्यांना मेणबत्ती लावावी. पातळ झालेलं मेण जिथे तेल पोहोचत नाही तिथे शिरतं.

तरीही स्टड तुटला तर घाबरून जाऊ नये. थोडा तुकडा बाहेर असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारून घ्यावं. वेल्डिंगची उष्णताच गंज सैल करते आणि थंड होऊ दिल्यावर तुकडा बहुधा नटाबरोबर फिरून येतो. हेडशी सपाट तुटला असेल, तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल करावं लागतं. स्टडच्या हेडकडच्या बाजूला जाड आटे असतील, तर ६.५ मिलिमीटरचं भोक आणि मग टॅप. ड्रिल तिरकं गेलं किंवा गरजेपेक्षा खोल गेलं तर थेट पाण्याच्या पोकळीपर्यंत पोहोचू शकतं, म्हणून ज्याचा हात बसलेला नाही त्याने हे काम लेथवाल्याकडे द्यावं. बाजारात मिळणारे तुकडा काढायचे उलट्या आट्यांचे एक्स्ट्रॅक्टर मी टाळतो. ते फार कडक असल्यामुळे आत मोडतात आणि मग ड्रिलही चालत नाही.

मॅनिफोल्ड बाहेर आल्यावर खरं काम सुरू होतं. हेडचे पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसून, तोंडांत कापडाचे बोळे भरून, जुना थर हलक्या हाताने काढावा. मग पोलादी सरळ पट्टी मॅनिफोल्डच्या सगळ्या तोंडांवर आडवी ठेवावी आणि खाली फीलर गेज सरकवून पाहावी. ०.१ मिलिमीटरची पाती सहज जात असेल तर मॅनिफोल्ड वाकलेला आहे, आणि वर्षानुवर्षं तापून गार झालेला मॅनिफोल्ड बहुधा वाकलेलाच असतो. कोणतंही तांबं ही फट फार दिवस भरून धरणार नाही. दोन पॅकिंग एकावर एक घालणं हा तर उपाय नाहीच, गळायला आणखी एक सांधा दिल्यासारखं होतं. सरफेस ग्राइंडिंग करून घ्यावं.

इथेच बी-सिरीजची एक खास गोम आहे. इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कडा शेजारी शेजारी येतात आणि मधल्या नटांखालचा एकच जाड, रुंद वायसर दोन्ही कडांवर टेकून दोघांना दाबतो. नुसता एक्झॉस्ट मॅनिफोल्ड घासून आणला की त्याची कड पातळ होते. मग वायसर तिरका बसतो, सगळा दाब इनलेटवर जातो आणि घासून सपाट केलेला एक्झॉस्टच गळतो. लोक म्हणतात, ग्राइंडिंग करूनही गेलं नाही. दोन्ही मॅनिफोल्ड बरोबर नेऊन दोन्ही कडांची जाडी सारखी करून घ्यावी आणि वाकलेले वायसर फेकून द्यावेत.

बसवणं त्यामानाने सोपं. स्टड नवे असावेत, नट पितळेचे. पितळ पोलादी स्टडवर गंजून बसत नाही, पुढच्या खेपेला सरळ सुटतं. आट्यांना तांबं मिसळलेलं ग्रीस लावावं. पॅकिंगला मात्र काहीही लावायचं नाही. सिलिकॉनची पेस्ट या जागी जळून जाते आणि जळताना फट सोडून जाते. पॅकिंग स्टडवर अडकवून पाचही तोंडं उघडी दिसतायत ना ते डोळ्यांनी पाहावं. बाजारातल्या पॅकिंगची भोकं कधी कधी आतल्या बाजूला झाकली जातात.

नट आधी बोटांनी टेकवावेत, मग मधल्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. मधून सुरुवात केल्याने पॅकिंग टोकांकडे पसरत सपाट होतं. शेवटचा टॉर्क १५ पाउंड-फूट, म्हणजे साधारण २० न्यूटन-मीटर. छोट्या रॅचेटने हात आखडून दिलेला जोर एवढाच असतो. लांब टॉमी इथे वापरूच नये.

पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडा धूर आणि जळका वास येतो, ते तेल आणि ग्रीस असतं, पंधरा मिनिटांत थांबतं. नवं तांबं पहिल्या एक-दोन तापण्यांत आणखी थोडं चेपलं जातं, आणि तेवढ्याने नट ढिले पडतात. म्हणून शंभरएक किलोमीटर गाडी चालवून, रात्रभर थंड होऊ देऊन, सकाळी सुरू करण्याआधी सहाही नट त्याच क्रमाने पुन्हा २० न्यूटन-मीटरला तपासावेत. मधले दोन बहुतेक वेळा थोडे फिरतात, टोकाचे क्वचित.